पिसं फुटायच्या आधी

आमच्याकडे बजी, म्हणजे छोटे पाळीव पोपट, बघायला आलेला माणूस त्यांच्या घरट्याच्या मडक्यात डोकावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काकू, हे कोणत्या रंगाचं होईल?" आत तीन दिवसांचं पिल्लू पडलेलं असतं. गुलाबी कातडी, मिटलेले डोळे, अंगावर केसाचा पत्ता नाही, मान धड सावरता येत नाही. मी सांगते, "डोळा काळा आहे, म्हणजे लाल डोळ्यांचं पिवळं किंवा पांढरं, लुटिनो-अल्बिनो, नाही. बाकीचं आठ-दहा दिवसांनी." समोरच्याला वाटतं, बाई आपल्याला टोलवतेय. जो डोळा अजून उघडलाच नाही, त्याचा रंग हिला कुठून दिसला?

पण तो दिसतो. अंड्यातून निघालेलं बजीचं पिल्लू जेमतेम दोन ग्रॅमचं असतं आणि त्याची पापणी इतकी पातळ असते की आतलं बुबुळ कातडीखालून कळतं. डोळ्याच्या जागी काळसर, फुगीर गोल दिसला तर डोळ्यात काळं रंगद्रव्य आहे. तीच जागा फिकट लालसर असेल, आजूबाजूच्या कातडीत मिसळून गेलेली असेल, तर ते लाल डोळ्यांचं पिल्लू. आणि कधी कधी या दोन्हींच्या मधलाच एक रंग दिसतो. काळा म्हणावा तर काळा नाही, लाल म्हणावा तर लाल नाही, जांभळट. तो सिनॅमन नावाच्या रंगप्रकाराचा.

हे मला भुसावळच्या एका रेल्वेतल्या काकांनी दाखवलं. त्यांच्या क्वार्टरच्या मागे पिंजरे होते, आणि ड्यूटीवरून आले की चहाच्या आधी ते मडकी बघायचे. ते म्हणायचे, बॅटरी सरळ डोळ्यावर मारू नका, बाजूने तिरकी धरा, आणि दोन पिल्लं शेजारी ठेवून बघा. एकट्या पिल्लाचा डोळा जांभळा आहे की काळा, हे शपथेवर सांगता येत नाही. काळ्या डोळ्याचं भावंड शेजारी आलं की लगेच कळतं. त्यांनी सांगितलेलं इतर बरंच काही मी विसरले, पण हे विसरले नाही.

सासूबाईंना या उद्योगाचं आश्चर्य वाटायचं. आमचं धुळ्याचं घर जुन्या धाब्याचं. मागच्या ओसरीत मडकी टांगलेली, आणि मी स्टुलावर उभी राहून त्यांत डोकावतेय. त्या खालून म्हणायच्या, "कसाले इतली घाई करस? पखे येवू दे, मंग आपेआप दखाई जाई." पंख येऊ देत, मग आपोआप दिसेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. महिनाभरात पिल्लू पूर्ण पिसांनी भरतं आणि रंग काय तो कोणालाही दिसतो. तरी मला ते पूर्ण पटलं नाही, कारण पिसं जितकं दाखवतात तितकंच काही झाकूनही टाकतात, आणि झाकलेलं ते दिसायचे दिवस मोजकेच असतात.

सिनॅमनचंच घ्या. नेहमीच्या बजीच्या पाठीवर आणि पंखांवर काळ्या रेघा असतात, सिनॅमनच्या तपकिरी. त्यामुळे साध्या हिरव्या किंवा निळ्या पक्ष्यात सिनॅमन ओळखायला मोठेपणीही अडचण येत नाही. पण तो पक्षी सिनॅमन असून शिवाय डबल फॅक्टर स्पँगलही असला तर? डबल फॅक्टर स्पँगल, म्हणजे स्पँगल हा गुण आई आणि बाप दोघांकडूनही मिळालेला पक्षी, सगळा पांढरा किंवा सगळा पिवळा असतो, रेघा जवळपास पुसलेल्याच. रेघाच नाहीत तर त्या काळ्या होत्या की तपकिरी, हे बघणार कुठे? सिनॅमनचा जांभळट डोळाही डोळे उघडेपर्यंत गडद होत जातो आणि मग सहज वेगळा काढता येत नाही. पहिल्या आठवड्यात ज्याने बघितलं त्याने बघितलं. पुढे त्या पांढऱ्या पक्ष्याकडे बघून तो सिनॅमन आहे हे ओळखणं महाकठीण. त्याची पिल्लं निघतील तेव्हाच उलगडा.

नागडं पिल्लू नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मला हळूहळू उमगलं. बजीच्या रंगात मुळात दोन रंगद्रव्यं आणि एक खेळ असतो. काळं-तपकिरी मेलॅनिन हे पहिलं. दुसरं पिवळं, जे पोपटांच्या कुळाचं खास आहे. इतर कितीतरी पक्षी पिवळा रंग खाण्यातून मिळवतात, पोपट तो अंगातच तयार करतात. खेळ आहे निळ्याचा. बजीच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो, त्याच्यामागे मेलॅनिन असतं, म्हणून डोळ्याला निळं दिसतं. या निळ्यावर पिवळा चढला की हिरवा. ऑस्ट्रेलियातला रानटी बजी असाच हिरवा असतो. मेलॅनिन काढून घ्या, पिवळा राहतो, तो लुटिनो. मेलॅनिन आणि पिवळा दोन्ही काढून घ्या, तो अल्बिनो. नुसता पिवळा गेला तर निळा.

आता जन्मलेल्या पिल्लाकडे बघा. डोळा, कातडी, पायांची छटा, पुढे येणारी लव, यांतून कळतं ते मुख्यतः मेलॅनिनचं. पिवळ्याचा हिशेब पिसात असतो आणि पिसं अजून यायची असतात. म्हणून तीन दिवसांच्या लाल डोळ्यांच्या पिल्लाला नुसतं बघून तो लुटिनो की अल्बिनो, हे सांगता येत नाही. हिरवा की निळा हेही नाही. कोणी छातीठोक सांगत असेल तर तो पिल्लाकडे बघून सांगत नाहीये, आई-बापाकडे बघून सांगतोय. त्यात गैर काही नाही, मीही तेच करते. निळा रंग सुप्त, म्हणजे हिरव्यामागे दडून राहणारा, असल्याने दोन निळ्यांच्या पोटी हिरवं पिल्लू येत नाही. दोन हिरव्यांच्या पोटी मात्र दोघांकडे निळा दडलेला असेल तर निळं पिल्लू येतं, सरासरीने चारांत एक.

या पिवळ्याचं कोडं सुटलं ते अगदी अलीकडे. 2017 मध्ये 'सेल' या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. निळ्या बजीत पिवळा का नसतो, तर एका एन्झाइमच्या जनुकात एका ठिकाणी झालेल्या बदलामुळे. संशोधकांनी बजीचं ते जनुक यीस्टमध्ये घातलं आणि यीस्टने बजीचं पिवळं रंगद्रव्य तयार केलं. निळा बजी युरोपात पहिल्यांदा दिसला तो 1880 च्या सुमारास, बेल्जियममध्ये. जॉन गूल्डने 1840 मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले, त्याला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. म्हणजे पाळणाऱ्यांनी निळे पक्षी जोड्या लावून लावून घरोघर पोचवले, आणि ते निळे का आहेत हे कळायला पुढचं जवळजवळ दीड शतक गेलं. सिनॅमन आणि ओपलाइन हे रंगप्रकार 1930 च्या दशकात आले, स्पँगल 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात. आमच्या ओसरीत आज हे सगळे एका बांबूवर बसून बाजरी सोलतात.

धुळ्यात या सगळ्याला एक चौकट आहे, ती उन्हाची. मार्च संपत आला की मी मडकी उतरवते. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि बंद मडक्यात पाच-सहा नागडी पिल्लं म्हणजे भट्टीच. नर-मादी मडक्याभोवती घिरट्या घालतात, रुसतात, पण मी बधत नाही. पाऊस पडून हवा निवली, गणपती उठले, की मडकी पुन्हा टांगायची. थंडीत वेगळी पंचाईत. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि अंगावर लवही नसलेलं पिल्लू हातात धरून सकाळी सात वाजता रंग बघत बसणं म्हणजे दुष्टपणा. बघायचं ते दुपारी, मादी खायला बाहेर आली की. हात आधी चोळून गरम करायचे. कुंभाराला मी मडक्याचं तोंड वरच ठेवायला सांगते, त्यावर मातीचं झाकण. पक्ष्यासाठी बाजूला भोक वेगळं. बाजारातल्या मडक्याला नुसतं भोक असतं, त्यातून हात जात नाही आणि मग लोक मडकं उलटं करून पिल्लं बाहेर काढतात. बघवत नाही.

मडक्यात बघण्याची खरी गंमत पिल्लं एकसारख्या वयाची नसण्यात आहे. मादी दिवसाआड अंडं घालते आणि बहुधा सुरुवातीपासूनच उबवायला बसते. अठरा दिवसांनी पहिलं पिल्लू निघतं, मग दिवसाआड पुढची. सहा अंडी असतील तर थोरल्यात आणि धाकट्यात दहा दिवसांचा फरक. धाकटं कवच फोडत असतं तेव्हा थोरल्याचे डोळे उघडलेले असतात आणि अंगावर लव आलेली असते. म्हणजे एकाच मडक्यात डोळ्यांनी सांगायचा काळ, लवेने सांगायचा काळ आणि काही दिवसांत पिसांच्या कोंबांनी सांगायचा काळ, तिन्ही एकाच वेळी हजर.

लव येते आठव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास. साध्या पक्ष्याची लव राखाडी. ओपलाइनची पांढरी. काळा डोळा आणि पांढरी लव दिसली की मला ओपलाइनचा संशय येतो, पण संशयच. कारण रिसेसिव्ह पाइडची, म्हणजे चट्ट्यापट्ट्यांच्या एका रंगप्रकाराची, लवही पांढरी, डबल फॅक्टर स्पँगलचीही पांढरी. मग पाय बघायचे. साध्या पिल्लाच्या पायांना निळसर-राखाडी झाक येऊ लागते, पाइडचे गुलाबीच राहतात. आई-बाप कोण ते आठवायचं. आणि तरी नक्की सांगता येत नसेल तर गप्प बसायचं. बाराव्या-चौदाव्या दिवशी पंखांत आणि शेपटीत कोंब फुटतात, त्यांची टोकं उलगडली की काळं, तपकिरी, करडं, पिवळं, सगळं स्वच्छ दिसतं. डोक्यावरचे कोंब पिवळे म्हणजे बहुतेक वेळा हिरव्या घराण्यातला, पांढरे म्हणजे निळ्या. पिवळ्या तोंडाचे निळे पक्षी मधे येऊन हा नियमही बिघडवतात, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल.

आमच्या खानदेशात जनावराचं अंग वाचणाऱ्यांची तशी कमी नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणती माणसं पांढरा घोडा बघताना केसांवर थांबत नाहीत, ओठांशी, नाकपुड्यांशी, डोळ्यांच्या कडांशी जाऊन कातडी बघतात. कातडी गुलाबी तर नुकरा, तो जन्मापासून पांढरा. कातडी काळी तर तो शिंगरू असताना काळा, लाल किंवा बदामी असणार, आणि वयाबरोबर पांढरा होत गेला. दोन्ही घोडे लांबून सारखेच पांढरे. केसावर विसंबू नये, कातडीला विचारावं, ही त्यांची रीत मला मडक्यातल्या पिल्लाला तंतोतंत लागू पडताना दिसते.

पांढऱ्या बजीच्या बाबतीत तर फारच. एका बाईंनी मोठ्या हौसेने दुकानातून 'अल्बिनो'ची जोडी घेतली आणि मला दाखवायला आणली. दोन्ही पक्षी सुंदर, एकही डाग नाही, आणि दोघांचे डोळे काळे कुळकुळीत. अल्बिनोचा डोळा लाल असतो, आयुष्यभर. हे डबल फॅक्टर स्पँगल. पक्षी म्हणून त्यात उणं काही नाही, उलट आमच्याकडच्या उन्हात काळा डोळाच बरा. लाल डोळ्यात प्रकाश अडवायला रंगद्रव्य नसतं, म्हणून माझे लाल डोळ्यांचे पक्षी मी ओसरीच्या आतल्या, सावलीच्या बाजूला ठेवते. पण पैसे अल्बिनोचे मोजले होते. बाई म्हणाल्या, पिल्लं तरी अल्बिनो होतील ना? मी म्हटलं, होतील ती सगळी याच्यासारखीच, सुरेख आणि काळ्या डोळ्यांची. दोन डबल फॅक्टर स्पँगलची सगळी पिल्लं डबल फॅक्टरच निघतात. त्या थोड्या नाराज झाल्या, मग पक्ष्यांकडे बघून हसल्या आणि पिंजरा उचलून घेऊन गेल्या.

या वाचनातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र रंगाचा नाहीच. तिसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्याच दिवशी, पिल्लू नर आहे की मादी हे डोळ्यांवरून कळू शकतं. एरवी बजीचा नर-मादी ओळखायची जागा म्हणजे चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा मऊ भाग. मोठ्या नराचा निळा, मादीचा पांढुरका किंवा तपकिरी. पण तो रंग पक्का व्हायला महिने लागतात, आणि लुटिनो-अल्बिनो नरात तो निळा होतच नाही, गुलाबी-जांभळटच राहतो. लोक त्याला खुशाल मादी समजून दुसरी मादी शेजारी सोडतात आणि अंडी पडली की चक्रावतात.

डोळ्यांवरून कळतं ते असं. पक्ष्यांत नराला दोन झेड गुणसूत्रं, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. लाल डोळे, सिनॅमन आणि ओपलाइन हे तिन्ही गुण झेडवर बसलेले आणि तिन्ही सुप्त. लेकीला तिचं एकुलतं झेड मिळतं ते बापाकडून. लेकाला एक बापाकडून, एक आईकडून. आता नर अल्बिनो आणि मादी साधी निळी, जिच्याकडे लाल डोळ्याचं काही नाही, अशी जोडी लावा. प्रत्येक लेकीला बापाचं झेड मिळणार, झाकायला दुसरं नाही, म्हणून झाडून सगळ्या लेकी लाल डोळ्यांच्या. प्रत्येक लेकाला आईचं साधं झेडही मिळणार, ते लाल डोळा दडपून टाकणार, म्हणून सगळे लेक काळ्या डोळ्यांचे. मडक्यात बॅटरी मारली की मोजून टाका: लाल तितक्या माद्या, काळे तितके नर. सिनॅमन नर आणि साधी मादी असेल तर तेच, फक्त लालऐवजी जांभळट. जोडी उलट लावली, म्हणजे मादी अल्बिनो आणि नर अस्सल साधा, तर सगळीच पिल्लं काळ्या डोळ्यांची आणि डोळ्यांवरून कशाचाच थांग लागत नाही. म्हणून मी असली जोडी शक्यतो लावत नाही, मला चैन पडत नाही.

हे काळ्या डोळ्यांचे लेक, पाळणारे ज्यांना 'स्प्लिट' म्हणतात, ते दिसायला अगदी साधे. पिसं आली, डोळे उघडले, चोचीवर निळा रंग आला, तरी त्यांच्यात लाल डोळा दडलाय याचा पुरावा त्यांच्या अंगावर कुठेच नसतो. तो फक्त वहीत असतो. माझी वही म्हणजे एक जुनी लांबट हिशेबाची वही. पायात कडी घालायच्या दिवशी, साधारण आठवड्याचं पिल्लू असताना, कडीचा नंबर, आई-बाप, डोळा, आणि पुढे लव आली की लव, इतकंच लिहायचं. ही वही नसेल तर स्प्लिट नर आणि बाजारातला कुठलाही निळा नर यांत काडीचा फरक नाही, आणि लोक देतातही तेवढेच पैसे.

गेल्या हिवाळ्यात शिरपूरचा एक मुलगा आला होता, कॉलेजात जाणारा, मोबाइलवर बरंच वाचून आलेला. त्याला अल्बिनो हवा होता आणि नरच हवा होता. मी त्याला मडकं दाखवलं. बाप अल्बिनो, आई निळी. त्याने लाल डोळ्यांच्या एका पिल्लाकडे बोट दाखवलं. "हाऊ नर शे का, काकू?" मी म्हटलं, नाही, या मडक्यातल्या लाल डोळ्यांच्या सगळ्या माद्याच. त्याला खोटं वाटलं. वयच होतं ते पाच दिवसांचं. मग मी ओट्यावर बसवून त्याला झेड आणि डब्ल्यू काढून दाखवलं, त्याला ते बारावीत शिकलेलं आठवलं आणि एकदम चेहरा उजळला. "मग नर कसा मिळणार?"

मी मागच्या सीझनचा एक निळा नर दाखवला, याच बापाचा, काळ्या डोळ्यांचा. म्हटलं, हा घेऊन जा, याच्यात लाल डोळा आहे. दुसऱ्या कोणाकडची लाल डोळ्यांची मादी आण, याच्या बहिणी नको. निघणाऱ्या नरांतले सरासरी निम्मे लाल डोळ्यांचे असतील. त्याने पिंजऱ्याला नाक लावून पक्ष्याला बराच वेळ न्याहाळलं. "यानामा काय विशेष शे, काकू? हा तर साधा निळा." मी वही उघडून कडीचा नंबर दाखवला. त्याने नंबर वाचला, पक्ष्याच्या पायातली कडी वाचली, दोन्ही जुळले, मान डोलावली. आणि पुढच्या महिन्यात येऊन, पिसं फुटून पांढरीशुभ्र झालेली ती लाल डोळ्यांची मादीच घेऊन गेला.

निळा नर राहिला. यंदा त्याला चोपड्याहून आणलेली एक लुटिनो मादी दिली आहे. तिच्या पोटात निळा दडलेला असेल तरच एखादा अल्बिनो निघेल, नाहीतर लाल डोळ्यांचे जे निघतील ते सगळे लुटिनोच; चोपड्याच्या माणसाकडे वही नव्हती, त्यामुळे ते पिसांचे कोंब फुटल्यावरच कळणार. अंडी चार झाली आहेत आणि मादी अजून घालतेय.